चाळीस वर्षं जपायचा कागद

माळशिरस तालुक्यात कुठल्याही वाडीवस्तीवर जा, घरावर नाहीतर गोठ्यावर सिमेंटचा पत्रा दिसणारच. करडा, नागमोडी, लोखंडी पत्र्यासारखा न गंजणारा. आमच्याकडे सगळे त्याला 'सिमेंटचा पत्रा'च म्हणतात. त्यात सिमेंटच्या जोडीला ॲस्बेस्टॉसचे तंतू असतात हे मला इंजिनिअरिंगला मटेरियल्सच्या विषयात कळलं, तेही 'गुणधर्म लिहा' या पाच मार्कांच्या प्रश्नापुरतं. जळत नाही, ताण सहन करतो, उष्णता वाहून नेत नाही, आम्लाला दाद देत नाही, स्वस्त आहे. पाच गुणधर्म, पाच मार्क. सहावा गुणधर्म आमच्या नोट्समध्ये नव्हता: त्याचा बारीक तंतू श्वासाबरोबर फुफ्फुसात खोल गेला की बहुधा तिथेच मुक्काम ठोकतो.

आजचा लेख या सहाव्या गुणधर्मामुळे उभ्या राहिलेल्या कायद्याबद्दल आहे. म्हणजे ज्यांच्या छातीत ही धूळ गेली त्यांना आणि त्यांच्या घरच्यांना कोर्टाकडून काय मिळालं, कसं मिळालं, आणि बहुतेकांना का मिळालं नाही. विकांताला वाचायला जरा जड विषय आहे, मान्य. पण तुमच्यापैकी ज्यांचे आजोबा, काका, मामा मुंबईच्या कारखान्यांत होते, त्यांनी शेवटपर्यंत वाचावं अशी विनंती.

आधी वैद्यकाचं थोडक्यात. ॲस्बेस्टॉसच्या धुळीने प्रामुख्याने तीन गंभीर आजार होतात. पहिला ॲस्बेस्टॉसिस. यात फुफ्फुसावर आतून व्रण पडत जातात, ते घट्ट होत जातं आणि दम लागायला लागतो. दुसरा फुफ्फुसाचा कॅन्सर. तिसरा मेसोथेलिओमा, म्हणजे फुफ्फुसाच्या किंवा पोटाच्या आवरणाचा कॅन्सर. तिघांनाही वेळ लागतो. ॲस्बेस्टॉसिसला साधारण दहा-वीस वर्षं किंवा जास्त, मेसोथेलिओमाला तीस-चाळीस वर्षंसुद्धा. आपल्या भाषेत सांगायचं तर १९७०च्या रिलीजमधला बग २००५ साली प्रॉडक्शनमध्ये फुटतो. तोपर्यंत तो कोड लिहिणारी टीम पांगलेली, कंपनीचं नाव बदललेलं, आणि डॉक्युमेंटेशन कुठे आहे ते कुणालाच माहीत नाही. ही सगळी गोष्ट त्या डॉक्युमेंटेशनचीच आहे.

सुरुवात इंग्लंडमधल्या रॉचडेल गावात होते. तिथल्या टर्नर ब्रदर्स या ॲस्बेस्टॉसच्या गिरणीत नेली कर्शॉ नावाची बाई कामाला होती. या धंद्यात ती शिरली तेव्हा जेमतेम बारा-तेरा वर्षांची असेल. १९२२ साली डॉक्टरांनी तिला कामाला अपात्र ठरवलं. आजारपणाचा भत्ता मागायला गेली तर विमावाले म्हणाले, हा आजार कामामुळे झालाय, कंपनीकडे जा. कंपनीकडे गेली तर कंपनी म्हणाली, भरपाईच्या सरकारी यादीत असा आजारच नाही. तुम्ही सपोर्टमध्ये काम केलं असेल तर हा प्रकार ओळखीचा वाटेल. तिकीट या टीमकडून त्या टीमकडे, त्या टीमकडून परत या टीमकडे. फक्त इथे तिकिटाच्या जागी माणूस होता. १४ मार्च १९२४ ला वयाच्या तेहतिसाव्या वर्षी ती गेली. कंपनीने अंत्यविधीच्या खर्चालाही हात लावला नाही, कारण एकदा दिले की पायंडा पडेल. तिच्या फुफ्फुसाची तपासणी करणाऱ्या डॉ. कुक यांनी तिची केस ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये छापली आणि १९२७ मध्ये या आजाराला 'ॲस्बेस्टॉसिस' हे नाव वापरलं. १९३० साली मेरेवेदर आणि प्राइस यांचा सरकारी अहवाल आला, १९३१ मध्ये ब्रिटनमध्ये धुळीबद्दल नियम झाले आणि आजार भरपाईच्या यादीत शिरला.

हे नियम ब्रिटनच्या कारखान्यांपुरते होते. टर्नर ब्रदर्स ज्या टर्नर अँड न्यूऑल समूहात होती, त्या समूहाने १९३४ साली भारतात ॲस्बेस्टॉस सिमेंटची कंपनी सुरू केली. तीच पुढे एव्हरेस्ट म्हणून ओळखली गेली आणि तिचा एक कारखाना आपल्या मुलुंडला होता. स्वातंत्र्यानंतर, १९५०च्या दशकात, याच समूहाने घाटकोपरला हिंदुस्तान फेरोडो काढली. तिथे गाड्यांचे ब्रेक लायनिंग आणि ॲस्बेस्टॉसचं कापड-दोर बनायचे. पुढे तिचं नाव हिंदुस्तान कॉम्पोझिट्स झालं. म्हणजे रॉचडेलचा धागा थेट एलबीएस मार्गापर्यंत येतो.

आता इथून माळशिरसला यायचं कसं? तर एसटीने, अर्थातच :-) मुंबईचे कारखाने घाटावरच्या आणि कोकणातल्या माणसांनी चालवले. आमच्या तालुक्याचा नीरा कालव्याखालचा भाग हिरवा, अकलूज-माळीनगर-श्रीपूरकडे ऊस आणि साखर कारखाने. पण पिलीवकडचा माळ कोरडा, माणदेशाला लागून. असल्या गावांतून दुष्काळात माणसं मुंबई-पुण्याला जायची आणि रिटायर झाली की परत यायची. अशा एखाद्या तात्यांचा विचार करा. चोवीसाव्या वर्षी घाटकोपरला लागले, अठ्ठावन्नाव्या वर्षी निवृत्त होऊन गावी आले, बासष्टाव्या वर्षी दम लागायला लागला. तालुक्याच्या डॉक्टरांनी एक्स-रे काढला, डाग दिसले. ग्रामीण महाराष्ट्रात छातीत डाग म्हणजे पहिला संशय टीबीचा. औषधं सुरू झाली. फरक पडला नाही की 'जुना दमा' किंवा 'बिडीमुळे' असं ठरलं. पेशंट माळशिरसला, कारखाना मुंबईत आणि कंपनीचं मूळ घर इंग्लंडमध्ये. या तिन्ही गोष्टी एका फायलीत आल्याशिवाय कायद्याला काही दिसत नाही.

आणि कायदा होता बरं का! कामगार नुकसानभरपाईचा कायदा १९२३ सालचा. त्याच्या तिसऱ्या परिशिष्टात कामातून होणाऱ्या आजारांची यादी होती. सुरुवातीला यादी अगदी छोटी, पुढे वाढत गेली आणि त्यात ॲस्बेस्टॉसिसही आला. त्याच यादीत कापसाच्या धुळीने होणारा बिसिनोसिस आहे (सोलापूरच्या गिरण्यांत ज्यांच्या घरातलं कुणी होतं त्यांनी लक्ष द्यावं), आणि उसाच्या भुशाने, म्हणजे बगॅसने, होणारा बगॅसोसिसही आहे (हे अकलूज-श्रीपूरकरांसाठी). १९४८चा फॅक्टरी ॲक्ट होता. भोपाळनंतर १९८७ मध्ये त्यात दुरुस्ती होऊन घातक प्रक्रियांचं वेगळं प्रकरण आलं आणि कामगारांच्या आरोग्याच्या नोंदी ठेवणं मालकावर बंधनकारक झालं. ईएसआय होतीच. ईएसआयचा विमा असलेल्याला भरपाई तिथूनच घ्यावी लागते, १९२३च्या कायद्याखाली वेगळा दावा करता येत नाही.

पण १९२३च्या कायद्याच्या दहाव्या कलमात एक गंमत होती. गंमत कसली, वाचून डोकं धरलं मी. नोकरी सोडल्यावर आजाराची लक्षणं दिसली, तर ती नोकरी सोडल्यापासून दोन वर्षांच्या आत दिसली पाहिजेत, असा त्याचा सूर. आजाराला लागतात वीस वर्षं आणि कायदा वाट बघतो दोन! पुरेसं कारण दिलं तर उशीर माफ करायचा अधिकार कमिशनरला होता, नाही असं नाही. पण ते पुरेसं कारण मांडायला वकील लागतो, वकिलाला कागद लागतो, आणि तात्यांच्या ट्रंकेत रेशनकार्ड आणि देवाचे फोटो. शिवाय या कायद्यात भरपाई कामगाराला, आणि तो गेला तर त्याच्या वारसांना. त्याचे धुळीने भरलेले कपडे वीस वर्षं धुणारी बायको स्वतः आजारी पडली तर तिच्यासाठी यात रकानाच नाही.

मग आलं १९९५. या एका वर्षात तीन वेगवेगळ्या ठिकाणी तीन गोष्टी घडल्या, आणि त्या एकत्र मांडलेल्या मला कुठे सापडल्या नाहीत म्हणून हा लेख.

पहिली दिल्लीत. अहमदाबादच्या कन्झ्युमर एज्युकेशन अँड रिसर्च सेंटरने १९८६ मध्ये सुप्रीम कोर्टात जनहित याचिका केली होती. २७ जानेवारी १९९५ ला निकाल लागला. कामगाराचं आरोग्य हा घटनेच्या २१व्या कलमातल्या जगण्याच्या हक्काचाच भाग आहे, असं कोर्टाने सांगितलं. ॲस्बेस्टॉसवर बंदी घातली नाही, पण आदेश दिले. गुजरातमधल्या कामगारांची अहमदाबादच्या राष्ट्रीय व्यावसायिक आरोग्य संस्थेकडून पुन्हा तपासणी करा. ज्यांना आजार निघेल त्यांना कारखान्याने तीन महिन्यांत प्रत्येकी एक लाख रुपये द्यावेत. सगळ्या कामगारांना ईएसआय किंवा विम्याचं कवच द्या. आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचा आदेश: प्रत्येक कामगाराच्या आरोग्याची नोंद नोकरीच्या सुरुवातीपासून चाळीस वर्षं, किंवा निवृत्तीनंतर पंधरा वर्षं, यातली जी मुदत नंतर संपेल तोपर्यंत जपून ठेवा.

आपण सर्व्हरचे लॉग नव्वद दिवसांनी पुसून टाकतो. इथे देशातलं सर्वोच्च कोर्ट चाळीस वर्षांची रिटेन्शन पॉलिसी सांगतंय. हिशोब करून बघा. वर सांगितलेले तात्या चोवीसाव्या वर्षी लागले, म्हणजे चाळीस वर्षांनी चौसष्ट. निवृत्ती अठ्ठावन्नला, अधिक पंधरा म्हणजे त्र्याहत्तर. नंतरची तारीख धरायची, म्हणजे तात्या त्र्याहत्तर वर्षांचे होईपर्यंत त्यांचे एक्स-रे, फुफ्फुसाच्या चाचण्या कारखान्याकडे असायला हव्यात. आजाराच्या घड्याळाशी कायद्याचं घड्याळ जुळवायचा हा प्रयत्न होता. मात्र कारखाना बंद पडला, विकला गेला, जागेवर टॉवर उभा राहिला, तर त्या कपाटांचं काय, याचं उत्तर निकालात नाही.

दुसरी गोष्ट त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये, फारसा गाजावाजा न होता. १९२३च्या कायद्यात दुरुस्ती झाली आणि भरपाईचा दावा अपघाताच्या ठिकाणीच करायची सक्ती गेली. कामगार किंवा त्याचे वारस जिथे राहतात तिथल्या कमिशनरकडेही अर्ज चालू लागला. म्हणजे घाटकोपरच्या धुळीचा दावा सोलापुरात करता येऊ लागला. दम लागलेल्या माणसाला दर तारखेला मुंबईची एसटी पकडायला लावणं आणि सोलापूरला जाऊन येणं, यात किती फरक आहे ते आमच्या भागातल्या माणसाला समजावून सांगायला नको. बहुतेक खेटे तर वकील घालतो, पण साक्षीला माणूसच लागतो.

तिसरी गोष्ट ऑक्टोबरमध्ये, इंग्लंडमधल्या लीड्सला. तिथल्या आर्मली भागात जे. डब्ल्यू. रॉबर्ट्स नावाचा ॲस्बेस्टॉसचा कारखाना होता, हाही टर्नर अँड न्यूऑल समूहातलाच. आसपासची पोरं कारखान्याबाहेर साचलेल्या धुळीत बर्फात खेळावं तशी खेळायची. त्यातली एक जून हॅन्कॉक. ती कारखान्यात एक दिवसही कामाला नव्हती. तिची आई १९८२ मध्ये मेसोथेलिओमाने गेली आणि १९९४ मध्ये तिलाही तोच आजार निघाला. तिने आणि आर्मलीच्याच आणखी एका मृताच्या विधवेने दावा लावला. कोर्टाने मानलं की १९३३ पासून कंपनीला धोका कळायला हवा होता आणि तिची जबाबदारी कारखान्याच्या भिंतीपाशी संपत नाही. जूनला ६५,००० पौंड मिळाले. कंपनीने अपील केलं, १९९६ मध्ये हरली. १९९७ मध्ये जून गेली.

ती जिंकली कशी? कागदांमुळे. न्यूयॉर्कच्या चेस मॅनहॅटन बँकेने आपल्या इमारतीत फवारलेल्या ॲस्बेस्टॉसवरून याच टर्नर अँड न्यूऑलवर अमेरिकेत दावा लावला होता. त्यासाठी कंपनीला आपलं अनेक दशकांचं दप्तर उघडावं लागलं. बँक खटला हरली, पण कंपनीला काय आणि कधी माहीत होतं ते सांगणारे कागद एव्हाना बाहेर आले होते. ते लीड्सच्या खटल्यात कामी आले, आणि त्याच दप्तरावरून ज्योफ्री ट्वीडेल या इतिहासकाराने २००० साली अख्खं पुस्तक लिहिलं. नेली कर्शॉशी कंपनी कशी वागली हेही त्यातून तपशिलात कळलं. एका बँकेच्या पैशाच्या भांडणातून एका बाईला न्याय मिळाला. इतिहास असा आडवाटेनेच येतो बऱ्याचदा.

आपल्याकडे दप्तर उघडायला कुणी बँक आली नाही. मग कागद नव्याने तयार करावा लागला, आणि ते काम मुंबईत ऑक्युपेशनल हेल्थ अँड सेफ्टी सेंटर या छोट्या संस्थेने केलं. डॉ. मुरलीधर व्ही. आणि विजय कान्हेरे यांनी हिंदुस्तान कॉम्पोझिट्सच्या कायम कामगारांची तपासणी केली. त्याचा लेख २००५ मध्ये एन्व्हायर्न्मेंटल हेल्थ या जर्नलमध्ये आला. २३२ पैकी १८१ कामगार तपासणीला आले, त्यातल्या २२ टक्क्यांना ॲस्बेस्टॉसिस किंवा फुफ्फुसाच्या आवरणाचा संबंधित आजार निघाला. देशात अंदाजे एक लाख कामगार या धुळीत काम करतात आणि भरपाई मिळालेले तीसही नाहीत, असं त्या लेखाच्या सुरुवातीलाच लिहिलंय. कारणंही स्पष्ट दिलीत: व्यवस्थापनाने करवलेल्या तपासण्यांत प्रमाणपत्र मिळत नाही, डॉक्टरांना हा आजार ओळखायचं शिक्षण नसतं, आजाराला टीबी किंवा ब्राँकायटिसचं लेबल लावलं जातं, आणि मध्यमवर्गीय डॉक्टरांच्या मनात कामगारांबद्दल अढी असते. हे शेवटचं कारण डॉक्टरांनीच लिहिलंय हे विशेष.

या अभ्यासाचा एक हेतूच मुळी कामगारांना प्रमाणपत्र देणं हा होता, म्हणजे त्यांना दावा करता यावा. मला यातलं हेच जास्त महत्त्वाचं वाटतं. आपण कायद्याची मदत म्हटली की काळा कोट डोळ्यापुढे आणतो. इथे मदत एक्स-रेच्या लाइट-बॉक्ससमोर सुरू होते. रामाझ्झिनी नावाच्या इटालियन वैद्याने १७०० सालीच सांगून ठेवलंय की पेशंटला त्याचा धंदा काय ते विचारत जा. तो एक प्रश्न केसपेपरवर लिहिला गेला तर पुढचा खटला उभा राहतो. नाही लिहिला, तर सुप्रीम कोर्टाचा निकाल खिशात असूनही काही होत नाही.

पैशाचंही बोलू. १९२३च्या कायद्यात पूर्ण कायमच्या अपंगत्वाला सूत्र असं: पगाराचे ६० टक्के गुणिले वयानुसार एक आकडा. हा आकडा सोळाव्या वर्षी २२८.५४ आणि पासष्टीला ९९.३७. पगार कितीही असला तरी हिशोबाला कमाल मर्यादा, आणि २००५ च्या सुमारास ती होती महिना ४,००० रुपये. म्हणजे पासष्टीच्या माणसाला जास्तीत जास्त २,३८,४८८ रुपये, आणि कमाईची क्षमता २५ टक्के गेली असं ठरलं तर ५९,६२२. जून हॅन्कॉकचे ६५,००० पौंड तेव्हाच्या दराने तीस लाखांच्या वर जातात. आजार वेगळा, देश वेगळा, तुलना काटेकोर नाही हे मान्य. पण मूळ समूह तोच होता, हे विसरता येत नाही. मर्यादा नंतर वाढली, २०२० पासून ती १५,००० झाली.

पुढे त्या समूहाचं काय झालं? १९९८ मध्ये अमेरिकन फेडरल-मोगलने तो विकत घेतला आणि दाव्यांच्या ओझ्याखाली २००१ मध्ये तो ब्रिटनमध्ये प्रशासकांच्या ताब्यात गेला. पीडितांचे दावे भागवायला नंतर एक ट्रस्ट झाला. मुंबईतल्या जुन्या कामगारांचे दावेही त्या ट्रस्टपर्यंत पोचले, आणि त्यासाठीही लागलं काय? नोकरीचा पुरावा आणि डॉक्टरांचं प्रमाणपत्र.

ब्रिटनने १९९९ मध्ये ॲस्बेस्टॉसवर बंदी घातली, युरोपीय संघात २००५ पासून बंदी आहे. भारतात नव्या खाणपट्ट्यांना १९८६ पासून परवानगी बंद झाली, पण पांढरा ॲस्बेस्टॉस आयात करून पत्रे बनवणं बंद झालं नाही. नीट काळजी घेतली तर पांढरा प्रकार सुरक्षित वापरता येतो, असं उद्योगाचं म्हणणं. जागतिक आरोग्य संघटनेची कॅन्सर संशोधन संस्था मात्र सगळेच प्रकार कॅन्सरकारक मानते. २०११ मध्ये बंदीची मागणी सुप्रीम कोर्टाने फेटाळली, पण १९९५च्या आदेशांचं पालन करा असं पुन्हा बजावलं. २१ नोव्हेंबर २०२५ पासून १९२३चा कायदा आणि ईएसआयचा कायदा सामाजिक सुरक्षा संहितेत, तर फॅक्टरी ॲक्ट दुसऱ्या संहितेत गेलाय. आजारांची यादी नव्या संहितेतही आहे. नावं बदलली, कागदाची गरज तशीच.

म्हणून कामाचं बोलून थांबतो. घरातलं कुणी ॲस्बेस्टॉसच्या, ब्रेक लायनिंगच्या, पत्र्याच्या कारखान्यात किंवा बॉयलरला ॲस्बेस्टॉस गुंडाळायच्या कामावर होतं का, ते या सुट्टीत विचारा. असेल तर नेमणुकीचं पत्र, पगाराची स्लिप, पीएफचा कागद, ईएसआय कार्ड, युनियनची पावती, जे सापडेल ते स्कॅन करून दोन ठिकाणी ठेवा. बरोबर काम केलेल्या दोघा-तिघांची नावं लिहून घ्या, उद्या साक्षीला लागतील. जुने एक्स-रे रद्दीत देऊ नका. डॉक्टरांकडे गेलात तर 'अमुक वर्षं अमुक खात्यात काम केलं' हे केसपेपरवर लिहून घ्यायला लावा. आणि वकिलाच्या फीला घाबरू नका. १९८७च्या विधी सेवा कायद्यात औद्योगिक कामगाराला आणि कुठल्याही स्त्रीला उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो. त्यासाठी तालुका विधी सेवा समिती असते, माळशिरसच्या कोर्टात चौकशी करता येईल. घरचा सिमेंटचा पत्रा शाबूत असेल तर उगाच घाबरून फोडायला जाऊ नका. धोका कापताना, भोकं पाडताना आणि फोडताना उडणाऱ्या धुळीत जास्त असतो.

असो. बराच लांबला लेख. पुढच्या शनिवारी काहीतरी हलकंफुलकं लिहीन म्हणतो.